खाणीतून मैदानाकडे : जॉक स्टीन

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्या माणसाच्या वाट्याला कोळशाची खाण, खालच्या श्रेणीतला एक गरीब फुटबॉल क्लब आणि वेल्समधला एक आडबाजूचा संघ एवढेच आले, तोच माणूस पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत युरोपचा सर्वोच्च फुटबॉल करंडक जिंकणाऱ्या संघाचा शिल्पकार झाला. त्यांचे नाव जॉन ऊर्फ जॉक स्टीन. स्कॉटलंडमध्ये हे नाव घरोघरी माहीत आहे. आपल्याकडे खेळाची पाने क्रिकेटने व्यापल्यामुळे ते फारसे कुणाला ठाऊक नाही. आम्ही खेळाचे समीक्षक नाही, व्यवसायाने वकील आहोत. त्यामुळे स्टीन यांचा संघ कोणत्या व्यूहाने खेळे याची चर्चा जाणकारांनी करावी. गावाने, धंद्याने आणि धर्माने एका माणसाभोवती ज्या रेषा आखल्या होत्या, त्या त्याने कशा ओलांडल्या, हे आम्हाला वाचकांपुढे ठेवायचे आहे.

स्टीन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ रोजी लॅनार्कशायर परगण्यातील बर्नबँक या वस्तीत झाला. हॅमिल्टन शहराला लागून असलेली ही खाण कामगारांची वस्ती. शेजारी ब्लँटायर. आफ्रिकेत गेलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच ब्लँटायरच्या कापूस गिरणीत वयाच्या दहाव्या वर्षापासून राबले होते. पण या भागातल्या लोकांच्या मनात ब्लँटायर हे नाव वेगळ्याच कारणाने कोरले गेले आहे. २२ ऑक्टोबर १८७७ रोजी तिथल्या खाणीत वायूचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे आणि पोरे मेली. त्यानंतर दहाच वर्षांनी, २८ मे १८८७ रोजी, बर्नबँकजवळच्या उडस्टन खाणीत ७३ जण गेले. घरातला पुरुष सकाळी खाली उतरला की संध्याकाळी वर येईलच याची खात्री नाही, अशा घरांतून ही मुले वाढत.

इथे थोडे थांबून एक कायदेशीर इतिहास सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. स्कॉटलंडच्या संसदेने १६०६ साली कायदा करून कोळसा खाणीतल्या आणि मिठागरातल्या मजुरांना मालकाशी बांधून टाकले. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय मजुराने दुसरीकडे काम धरले तर तो चोर ठरे, कारण त्याने मालकाचे श्रम, म्हणजे स्वतःलाच, चोरून नेले असा त्या कायद्याचा तर्क होता! खाण विकली की मजूर तिच्याबरोबर विकले जात. मूल जन्मले की बापाच्या हातावर थोडे पैसे ठेवून त्या मुलालाही खाणीशी बांधून घेण्याची रीत होती. १७०१ साली स्कॉटलंडमध्ये नागरिकांना बेकायदा अटकेपासून संरक्षण देणारा कायदा झाला, त्यातूनही या मजुरांना नाव घेऊन वगळले गेले. ही गुलामी मोडायला १७७५ आणि १७९९ असे दोन कायदे करावे लागले. म्हणजे बापाचा धंदा मुलाच्या कपाळी कायद्याने लिहिण्याची व्यवस्था गोऱ्यांच्या देशातही होती, आणि तीही गोऱ्यांनी गोऱ्यांवरच लादलेली. कायदा गेला तरी धंदा घराण्यात राहिला. स्टीन यांचे वडील जॉर्ज हे खाण कामगार. मुलगाही १९३७ साली शाळा सोडून काही दिवस गालिच्याच्या कारखान्यात राबला आणि मग खाणीतच उतरला.

जवळपास बारा-तेरा वर्षे स्टीन जमिनीखाली काम करत होते. महायुद्धाच्या काळात कोळसा काढणे हेच युद्धकार्य मानले गेल्यामुळे ते सैन्यात गेले नाहीत. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, त्या दिवशीही ते खाण कामगारच होते. खाणीने आपल्याला काय दिले हे ते पुढे कीर्तीच्या शिखरावर असतानाही सांगत असत. खाली काळोखात शेजारच्या माणसाच्या हुशारीवर आपला जीव अवलंबून असतो, तिथे कुणी एकटा मोठा नसतो, हा त्यांच्या बोलण्याचा नेहमीचा आशय असे. त्यांच्या पिढीतले आणखी दोन मोठे प्रशिक्षक, मँचेस्टर युनायटेडचे मॅट बस्बी आणि लिव्हरपूलचे बिल शँक्ली, हेही स्कॉटलंडच्या खाण वस्त्यांतूनच आले होते. याला योगायोग म्हणणे आम्हाला पटत नाही. युनियन, एकमेकांची जोखीम वाटून घेण्याची सवय आणि शनिवारचा फुटबॉल, या तिन्ही गोष्टी त्या वस्त्यांत एकाच घरात नांदत होत्या.

पण या वस्त्यांत आणखी एक गोष्ट नांदत होती आणि ती म्हणजे धर्मद्वेष. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून दुष्काळाने आणि दारिद्र्याने हाकललेले हजारो कॅथलिक मजूर पश्चिम स्कॉटलंडच्या खाणींत आणि लोखंडाच्या भट्ट्यांत आले. स्थानिक प्रोटेस्टंट मजुरांना ते आपली मजुरी पाडणारे परके वाटले. मालकांना ही फूट सोयीचीच होती. १९२३ साली, म्हणजे स्टीन पाळण्यात असताना, स्कॉटलंडच्या प्रमुख प्रोटेस्टंट चर्चच्या महासभेपुढे एक अहवाल आला. आयरिश वंश हा स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या चर्चने या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली ती २००२ साली, जवळजवळ ऐंशी वर्षांनी! ही फूट फुटबॉलमध्येही उतरली होती. ग्लासगोच्या गरीब कॅथलिक वस्तीत अन्नछत्रासाठी पैसा उभा करावा म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवकाच्या पुढाकाराने १८८७ साली सेल्टिक क्लब स्थापन झाला. त्याचा प्रतिस्पर्धी रेंजर्स हा प्रोटेस्टंटांचा अभिमान. स्टीन यांचे घर प्रोटेस्टंट आणि वडील पक्के रेंजर्सवाले. मुलाच्या दंडावर कोणता रंग असणार हे मूल जन्मण्याआधीच ठरलेले असे.

आता फुटबॉलविषयी. स्टीन यांनी ब्लँटायर व्हिक्टोरिया या हौशी-निमव्यावसायिक संघातून सुरुवात केली आणि १९४२ साली ते अल्बियन रोव्हर्स या क्लबमध्ये आले. या क्लबविषयी आम्हाला विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण मोठ्या माणसांची चरित्रे लिहिणारे अशा जागा दोन ओळींत उरकतात. अल्बियन रोव्हर्स हा कोटब्रिज या लोखंडाच्या गावाचा क्लब. १८८२ साली दोन छोटे संघ एकत्र येऊन तो बनला. त्याचे क्लिफ्टनहिल मैदान १९१९ पासूनचे. कोटब्रिजमध्ये एकेकाळी भट्ट्यांच्या ज्वाळांनी रात्रीही आकाश लाल दिसे असे प्रवासी लिहून गेले आहेत. आयरिश कॅथलिकांची संख्या इथे फार मोठी. ग्लासगोचे दोन बलाढ्य क्लब आगगाडीच्या थोड्याशा अंतरावर, त्यामुळे गावातला प्रेक्षकही शनिवारी गाव सोडून तिकडे जाई. अशा क्लबच्या तिजोरीत काय असणार? चांगला खेळाडू तयार झाला की विकायचा आणि त्या पैशात पुढचा हंगाम काढायचा, हेच त्याचे अर्थशास्त्र.

१४ नोव्हेंबर १९४२ रोजी स्टीन अल्बियनकडून पहिल्यांदा उतरले ते नेमके सेल्टिकविरुद्ध, आणि सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. जागा मध्यरक्षकाची. त्या काळच्या भाषेत सेंटर-हाफ. उंच, धिप्पाड, डाव्या पायाचे, डोक्याने चेंडू मारण्यात पटाईत, पण धावण्यात संथ. गुडघ्याने चेंडू लांब उडवण्याची त्यांची एक खास लकब होती, तिची लोक थट्टाही करीत. आठवडाभर खाण आणि शनिवारी सामना असा क्रम. गडी शुक्रवारपर्यंत कोळसा फोडून आला आहे आणि समोरचा खेळाडू आठवडाभर सराव करून, ही बरोबरी कशी म्हणायची! तरीही १९४७-४८ च्या हंगामात या संघाने दुसऱ्या श्रेणीत ईस्ट फाइफच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवून वरच्या श्रेणीत प्रवेश केला. कोटब्रिजसाठी तो सण होता. पुढच्याच हंगामात वास्तव समोर आले. ३० सामन्यांत ३ विजय, २ बरोबरी, २५ पराभव आणि एकूण गुण ८. संघ पुन्हा खाली फेकला गेला. स्टीन त्या पराभवांत शनिवारमागून शनिवार मैदानात उभे होते. दर आठवड्याला हरणाऱ्या संघाच्या मधोमध उभे राहून बोलत राहणे, ओरडत राहणे, नवख्यांना जागा दाखवत राहणे, हे काम करंडक जिंकण्याहून सोपे नाही. पुढे ते ज्या गुणासाठी जगभर नावाजले गेले, त्याची तालीम इथे झाली असे आमचे मत आहे.

त्यांना स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात खेळाडू म्हणून कधीही स्थान मिळाले नाही.

१९५० साली ते वेल्समधील लानेली या संघाकडे गेले. हा संघ इंग्लंडच्या मुख्य लीगमध्येही नव्हता. पण आठवड्याला १२ पौंड पगार होता आणि पहिल्यांदाच खाणीत न उतरता केवळ फुटबॉलवर जगता येणार होते. तिकडे असताना हॅमिल्टनच्या त्यांच्या घरात दोनदा चोरी झाली. पत्नी जीन यांना परत आपल्या माणसांत यायचे होते. स्टीन यांनी फुटबॉल सोडून पुन्हा खाणीत जाण्याची मनाची तयारी केली होती. अशा वेळी डिसेंबर १९५१ मध्ये सेल्टिकने त्यांना बोलावले. राखीव संघातल्या पोरांना वळण लावायला एखादा अनुभवी गडी हवा होता आणि क्लबचे एक जुने प्रशिक्षक जिमी ग्रिबन यांना अल्बियनचा तो मध्यरक्षक आठवला. किंमत १,२०० पौंड. वृत्तपत्रांनी आश्चर्य व्यक्त केले, चाहत्यांनी नाके मुरडली.

बर्नबँकमध्ये मात्र नाके मुरडण्यावर भागले नाही. रेंजर्सवाल्या जॉर्ज स्टीनचा मुलगा कॅथलिकांच्या क्लबात जातो म्हणजे काय! ज्यांच्याबरोबर शाळेत आणि खाणीत दिवस काढले त्यांतल्या काहींनी त्यांच्याशी बोलणे कायमचे टाकले. स्टीन यांना ही गोष्ट आयुष्यभर बोचत राहिली. बहिष्काराचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. इथे तो आपल्याच माणसांनी, आपल्याच रेषेबाहेर पाऊल टाकल्याबद्दल घातलेला होता, एवढाच फरक.

राखीव म्हणून आलेला हा माणूस, पहिल्या संघातले मध्यरक्षक जखमी झाल्यामुळे लगेचच मैदानात आला आणि परत बाहेर गेलाच नाही. कर्णधार शॉन फॅलन यांनी त्यांना उपकर्णधार नेमले आणि फॅलन यांचा हात मोडल्यावर कर्णधारपद स्टीन यांच्याकडे आले. १९५३ साली राणीच्या राज्यारोहणानिमित्त झालेल्या कोरोनेशन करंडकात सेल्टिकने आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड आणि अंतिम सामन्यात हिबर्नियन यांना हरवले. १९५३-५४ मध्ये लीग आणि स्कॉटिश कप एकाच हंगामात जिंकले, जे १९१४ नंतर त्या क्लबला जमले नव्हते. १९५५ साली घोटा दुखावला, तो कधीच पूर्ण बरा झाला नाही. १९५७ च्या सुरुवातीला खेळ संपला. पाय थोडा लंगडत राहिला.

त्यानंतर सेल्टिकच्या राखीव संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. बिली मॅकनील, बॉबी मर्डॉक अशी पोरे त्यांच्या हाताखाली तयार होऊ लागली. पण मुख्य व्यवस्थापकाच्या खुर्चीवर तोपर्यंत एकही गैरकॅथलिक बसलेला नव्हता. सेल्टिकने प्रोटेस्टंट खेळाडू नेहमीच घेतले, हे त्या क्लबच्या बाजूने नोंदवले पाहिजे. खेळायला चालतो, कर्णधार चालतो, पण खुर्चीत? आपल्याला इथे वर जाता येणार नाही असे स्टीन यांनी ताडले आणि मार्च १९६० मध्ये ते डनफर्मलिनला गेले. हेही फाइफ परगण्यातील कोळशाचे आणि कापडाचे गाव. संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. उरलेले सहाच्या सहा सामने जिंकून तो वाचला आणि त्यांतला पहिला सामना सेल्टिकविरुद्धचाच होता. पुढच्या वर्षी, २६ एप्रिल १९६१ रोजी, डनफर्मलिनने स्कॉटिश कपच्या पुन्हा खेळवलेल्या अंतिम सामन्यात सेल्टिकला २-० ने हरवले. त्यानंतर या छोट्या गावाच्या संघाने युरोपीय स्पर्धेत एव्हर्टनला घरी पाठवले आणि व्हॅलेन्सियाकडून ४-० ने हरल्यावर परतीच्या सामन्यात ६-२ ने बदला घेतला. १९६४ साली स्टीन हिबर्नियनला गेले, तिथेही संघाची रया काही महिन्यांत बदलली.

आता सेल्टिकला जाग आली. क्लबचे अध्यक्ष बॉब केली यांनी आधी त्यांना फॅलन यांचे सहायक म्हणून यावे असे सुचवले, मग दोघांनी मिळून काम पाहावे असे सुचवले. स्टीन यांनी दोन्ही नाकारले. दुसरीकडे इंग्लंडचा वुल्व्हरहॅम्प्टन क्लब त्यांची वाट पाहत होता, हे त्यांनी केलींच्या कानावर घातले. त्या काळी सेल्टिकचा संघ कोण निवडणार हे बऱ्याच अंशी अध्यक्षच ठरवत. संघाचा संपूर्ण अधिकार माझ्याकडे असेल तरच येईन, ही स्टीन यांची अट होती आणि ती मान्य झाली. मार्च १९६५ मध्ये ते रुजू झाले. सेल्टिकच्या इतिहासातील चौथे व्यवस्थापक आणि पहिले गैरकॅथलिक. आम्हा वकिलांना हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. पद मिळणे आणि पदाचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोभेची खुर्ची देऊन सही दुसऱ्याची चालवण्याचा अनुभव आपल्या अनेक कार्यकर्त्यांना आहे. खाणीतून आलेल्या, कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या माणसाने हा भेद ओळखला आणि आधी अधिकार ठरवून घेतला.

सहा आठवड्यांत स्कॉटिश कप आला, तोही त्यांच्याच जुन्या डनफर्मलिनला ३-२ ने हरवून. १९६६ पासून १९७४ पर्यंत लीगचे विजेतेपद सलग नऊ वेळा सेल्टिककडे राहिले. आणि २५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय मैदानावर युरोपियन कपचा अंतिम सामना झाला. समोर इटलीचा इंटर मिलान, दोनदा युरोप जिंकलेला, श्रीमंत, आणि बचावाची भिंत उभारण्यात निष्णात. सातव्या मिनिटालाच इंटरला पेनल्टी मिळाली आणि माझोलाने गोल केला. एक गोल करायचा आणि मग दार लावून घ्यायचे, ही इंटरची पद्धत. सेल्टिकने त्या दारावर तासभर धडका मारल्या. उत्तरार्धात गेमेलने बरोबरी साधली आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना चाल्मर्सने दुसरा गोल केला. ब्रिटनच्या कोणत्याही क्लबला तोवर हा करंडक मिळाला नव्हता. त्या हंगामात सेल्टिकने भाग घेतलेली प्रत्येक स्पर्धा जिंकली.

त्या अकरा खेळाडूंविषयी एक गोष्ट आजही सांगितली जाते. सगळेच्या सगळे सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मले होते. कुणी बेलशिलचा, कुणी व्ह्यूपार्कचा, कुणी समुद्रकाठच्या सॉल्टकोट्सचा. कामगारांची पोरे. युरोपात इतरत्र पैशाने जगभरचे खेळाडू गोळा केले जात असताना हे पंचक्रोशीतले गडी अजिंक्य ठरले. गुणवत्ता काही ठरावीक घराण्यांतच जन्मते असे मानणाऱ्यांनी या तीस मैलांचा हिशेब एकदा जरूर करावा. आणि त्या अकरांत प्रोटेस्टंटही होते. गोलरक्षक रॉनी सिम्पसन यांचे वडील तर एकेकाळी रेंजर्सकडून खेळलेले.

रेंजर्सने मात्र कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही हा शिरस्ता दशकानुदशके पाळला. तो कुठल्याही घटनेत, नियमावलीत किंवा ठरावात लिहिलेला नव्हता. न्यायालयात दाखवता येईल असा कागद नाही, पण खेळाडूंच्या यादीत अपवाद शोधावा लागे. लिखित भेदभावाशी लढता येते. अलिखित भेदभाव मात्र हसतमुखाने विचारतो, आम्ही कुठे नाही म्हटले? मोठ्या नावाचा कॅथलिक खेळाडू, मो जॉन्स्टन, रेंजर्सने उघडपणे घेतला तो जुलै १९८९ मध्ये. स्टीन यांनी या शिरस्त्याचा उलटा फायदा घेतला. सारख्या गुणवत्तेचे एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट पोर समोर आले तर आपण आधी प्रोटेस्टंट घेऊ, कारण दुसऱ्याला रेंजर्स घेणारच नाही, असे ते मिस्कीलपणे सांगत. डॅनी मॅकग्रेन हा जगातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक गणला गेलेला खेळाडू प्रोटेस्टंट घरातला, लहानपणी रेंजर्सचा चाहता. पण त्याचे नाव आयरिश कॅथलिक वाटते म्हणून रेंजर्सच्या माणसाने त्याचा नाद सोडला, अशी हकीकत स्कॉटलंडमध्ये सर्वश्रुत आहे. तो सेल्टिकला आला. नाव-आडनाव विचारून माणसाची किंमत ठरवणारे शेवटी स्वतःचेच नुकसान कसे करून घेतात, याचा याहून बोलका दाखला आमच्या वाचनात नाही. केनी डॅल्ग्लिश हाही रेंजर्सवाल्या घरातलाच. तोही सेल्टिकचा झाला.

स्टीन यांनी फक्त समोरच्यांचा धर्मद्वेष पाहिला असता तर आम्ही हे चरित्र लिहायला घेतले नसते. त्यांनी स्वतःच्या बाजूकडेही पाहिले. १९७२ साली स्टर्लिंगच्या मैदानावर सामना चालू असताना सेल्टिकचेच चाहते धार्मिक-राजकीय द्वेषाची गाणी गात होते. स्टीन आपली जागा सोडून प्रेक्षकांत घुसले आणि त्या लोकांना समोरासमोर सुनावले. आपल्याच गर्दीला, जी आपल्या नावाचा जयघोष करते, तिला गप्प बस म्हणणे किती अवघड असते हे चळवळीत वावरलेल्या माणसाला ठाऊक आहे. त्याआधी २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर सेल्टिकशी सामना संपताना जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ प्रेक्षक मेले होते. तेव्हा स्टीन रेंजर्सच्या माणसांबरोबर जखमींच्या मदतीला धावले होते. या मृत्यूंपुढे दोन्हीकडच्या द्वेषाला लाज वाटली पाहिजे, अशा आशयाचे त्यांनी नंतर लिहिले.

माणूस दारूला शिवत नसे. घोड्यांच्या शर्यतीचा नाद मात्र होता. खेळाडूंवर वचक जबरदस्त, पण माणूस ओळखून वागायची हातोटीही तेवढीच. जिमी जॉन्स्टन हा त्यांचा चपळ, हुन्नरी आणि बेबंद खेळाडू विमानाला घाबरे. नोव्हेंबर १९६८ मध्ये रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध पहिल्या सामन्यात मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. चार गोलांच्या फरकाने जिंकलो तर तुला परतीच्या सामन्यासाठी विमानात बसावे लागणार नाही, असा सौदा स्टीन यांनी त्याच्याशी केला. सामना ५-१ असा संपला. जॉन्स्टन घरी राहिला.

दोषांविषयीही लिहिले पाहिजे. पहिला दोष पगाराचा. लिस्बनच्या त्या अजिंक्य संघाला आणि नंतरच्या पिढीला सेल्टिकने जो पगार दिला तो इंग्लंडच्या मानाने फार तुटपुंजा होता. जखमी खेळाडूंचे उत्पन्न बुडते म्हणून डेव्हिड हे याने क्लबशी भांडण मांडले, तेव्हा खाण कामगाराचा हा मुलगा मालकाच्या बाजूच्या टेबलावर होता. मकारी, हे, डॅल्ग्लिश एकामागून एक इंग्लंडला गेले. पगाराची तिजोरी संचालकांच्या हाती होती हे खरे, पण स्टीन यांचा शब्द तिथे चालत होता हेही खरे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सेल्टिकशी संबंधित मुलांच्या संघात लहान मुलांचे लैंगिक शोषण झाले आणि पुढे अनेक वर्षांनी न्यायालयात गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. १९७० च्या दशकात स्टीन यांना एका इसमाविषयी कळले, त्यांनी त्याला हाकलले, पण प्रकरण पोलिसांकडे गेले नाही, असा आरोप झाला आहे. स्टीन हयात नसल्यामुळे त्यांची बाजू कधीच ऐकता येणार नाही. आरोप खरा असेल तर हाकलणे पुरेसे नव्हते, मुले असुरक्षितच राहिली, एवढे आम्ही वकील म्हणून स्पष्टपणे म्हणतो. थोर माणसाच्या चरित्रातून असे पान फाडण्याची आमची रीत नाही.

१९७५ च्या जुलैत लॉकर्बीजवळ त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला आणि ते मरता मरता वाचले. वर्षभराने परतले, १९७६-७७ मध्ये पुन्हा लीग आणि कप जिंकून दिले. पण पुढचा हंगाम वाईट गेला आणि १९७८ साली त्यांना पदावरून हलवून त्यांच्याच तालमीतल्या बिली मॅकनीलला आणले गेले. ज्याने क्लबला युरोपात नेले त्याला संचालकांनी जे काम देऊ केले ते क्लबसाठी निधी जमवण्याच्या विभागाचे! स्टीन यांनी ते नाकारले आणि इंग्लंडमध्ये लीड्सला गेले. तिथे त्यांनी करारावर सहीच केली नाही, त्यामुळे दीड महिन्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले तेव्हा निघून येणे सोपे गेले. १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकात स्कॉटलंडने न्यूझीलंडला ५-२ ने हरवले, ब्राझीलकडून ४-१ ने हार खाल्ली, सोव्हिएत संघाशी २-२ अशी बरोबरी केली आणि गोलफरकाने बाहेर पडला.

१९८४-८५ साली ब्रिटनचे खाण कामगार वर्षभर संपावर होते. थॅचर सरकारने तो संप मोडायचा चंग बांधला होता. खाण सोडून पस्तीस वर्षे झालेले स्टीन संपकऱ्यांच्या डब्यात पैसे टाकत आणि बरोबरच्यांनीही टाकावेत अशी त्यांची अपेक्षा असे. एकदा त्यांचे सहायक अॅलेक्स फर्ग्युसन तसेच पुढे गेले, तेव्हा स्टीन यांच्या नुसत्या नजरेने ते माघारी वळले. फर्ग्युसन यांनी हा किस्सा पुढे स्वतःच सांगितला आहे.

१० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफच्या निनियन पार्कवर वेल्सविरुद्ध विश्वचषकाचा पात्रता सामना होता. स्कॉटलंडला किमान बरोबरी हवी होती. वेल्सने सुरुवातीलाच गोल केला. स्टीन यांची प्रकृती आधीपासूनच बरी नव्हती, हृदयाचे दुखणे जुने होते. सामना संपायला सुमारे दहा मिनिटे असताना स्कॉटलंडला पेनल्टी मिळाली. ती मारायला पुढे आला डेव्ही कूपर, रेंजर्सचा खेळाडू, हॅमिल्टनचाच मुलगा. गोल झाला, १-१. शेवटच्या क्षणी मैदानाच्या कडेला स्टीन कोसळले. त्यांना मैदानातल्याच वैद्यकीय खोलीत नेले आणि तिथे त्यांचा मृत्यू झाला. वय ६२. बाहेर स्कॉटलंडचे हजारो प्रेक्षक निकालाचा आनंद करायला थांबले होते, बातमी कळल्यावर ते काहीही न बोलता रस्त्याने परत निघाले.

ग्लासगोच्या लिन स्मशानभूमीत त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. फर्ग्युसन यांनी संघाची सूत्रे हाती घेतली, ऑस्ट्रेलियाला हरवून स्कॉटलंड १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाला गेला. सेल्टिकच्या मैदानाबाहेर २०११ साली युरोपियन कप हाती घेतलेला स्टीन यांचा पुतळा उभा राहिला. अल्बियन रोव्हर्स २०२३ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय लीगमधून खाली उतरला आणि लोलंड लीगमध्ये गेला.